तांड्यावरचा जवान आणि पेन्शनचा हक्क

९ मे २०२५ रोजी जम्मू-काश्मीरमधील नियंत्रण रेषेवर पाकिस्तानच्या गोळीबारात मुरली नाईक हा तरुण जवान शहीद झाला. दुसऱ्याच दिवशी, १० मे रोजी संध्याकाळी शस्त्रसंधी जाहीर झाली. दोन दिवस आधी ही घोषणा झाली असती तर आंध्र प्रदेशातील एका आईचा एकुलता एक मुलगा आज जिवंत असता. युद्धात असे 'जर-तर' पुष्कळ असतात आणि ते नेहमी गरिबाच्याच दाराशी येऊन थांबतात.

श्री सत्यसाई जिल्ह्यातील गोरंटला मंडलात कल्ली तांडा नावाची वस्ती आहे. मुरली नाईक तिथले. तांडा म्हटल्यावर वेगळे सांगायला नको की समाज बंजारा, लंबाडी. आंध्रात हा समाज अनुसूचित जमातीत मोडतो. आपल्या महाराष्ट्रात तोच समाज विमुक्त जातींच्या यादीत आहे. ११ मे रोजी तांड्यावर त्यांच्यावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. मंत्री आले, तिरंगा आला, बंदुकांची सलामी झाली, घोषणा झाल्या. एरवी तांड्याची वाट न ठाऊक असलेल्या मोटारी त्या दिवशी रांगेने उभ्या होत्या. चार दिवसांनी मोटारी गेल्या. मागे उरले ते आई-बाप.

हे आई-बाप कोण? हे मुंबईच्या वाचकांनी नीट समजून घ्यावे, कारण ते आपले शेजारी आहेत. पोटासाठी गाव सोडून ते मुंबईत आले आणि घाटकोपरच्या कामराज नगरात राहून वर्षानुवर्षे मोलमजुरी केली. बापाने मजुरी केली, आईने लोकांच्या घरची कामे केली. मुरली नाईक यांचे बालपण याच शहराशी जोडलेले आहे. कामराज नगर म्हणजे आपल्या माता रमाबाई आंबेडकर नगराला लागून असलेली वस्ती. ११ जुलै १९९७ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या निःशस्त्र लोकांवर गोळीबार झाला आणि दहा माणसे मारली गेली, ते हे रमाबाई नगर. आता या दोन्ही वस्त्यांचा पुनर्विकास एकाच प्रकल्पात होत आहे. त्या प्रकल्पापायी घर मोकळे करावे लागले आणि हे कुटुंब गावी परतले. म्हणजे शहरातले छप्पर गेले, पाठोपाठ मुलगा गेला.

मुरली नाईक हे 'अग्निवीर' होते. या लेखाचा विषय हा एक शब्द आहे.

जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने अग्निपथ योजना जाहीर केली. साडेसतरा ते एकवीस वयाच्या तरुणांना चार वर्षांसाठी सैन्यात घ्यायचे. चार वर्षे संपली की त्यांतील जास्तीत जास्त २५ टक्के तरुणांना कायम करायचे आणि उरलेल्यांना घरी पाठवायचे. पहिल्या वर्षी महिना ३० हजार, चौथ्या वर्षी ४० हजार पगार. त्यातून ३० टक्के कापून तितकीच भर सरकारने घालायची आणि जाताना सुमारे पावणेबारा लाखांचा 'सेवानिधी' हातात द्यायचा. ग्रॅच्युइटी नाही, पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही.

आता अग्निवीर सेवेत असताना शहीद झाला तर काय? इथे आपल्या कार्यकर्त्यांनी भावनेच्या भरात चुकीचे बोलू नये. 'अग्निवीराला काहीच मिळत नाही' हे खरे नाही. ४८ लाखांचा विमा आहे, ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान आहे, उरलेल्या काळाचा पगार आहे, सेवानिधी आहे. मुरली नाईक यांच्या बाबतीत आंध्र सरकारनेही ५० लाख रुपये, पाच एकर जमीन, घरासाठी जागा आणि घरातल्या एकाला नोकरी जाहीर केली. तसेच 'अग्निवीराला शहीदाचा दर्जा देत नाहीत' हे वाक्यही सभांतून ऐकू येते. वस्तुस्थिती अशी की सैन्याच्या कागदपत्रांत 'शहीद' हा अधिकृत शब्दच कोणासाठी वापरला जात नाही, हे सरकारने संसदेत सांगितलेले आहे. तेव्हा त्या शब्दावर भांडण्यात शक्ती घालवू नये. भांडण दुसऱ्या जागी आहे.

एकाच खंदकात दोन जवान आहेत असे समजा. एक नियमित भरतीतला शिपाई, दुसरा अग्निवीर. एकाच तोफगोळ्याने दोघांचाही जीव गेला. नियमित शिपायाच्या कुटुंबाला उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, म्हणजे त्याच्या शेवटच्या पगाराइतकी रक्कम दर महिन्याला. अग्निवीराच्या कुटुंबाला ते मिळत नाही. आणि मरणाऐवजी अपंगत्व आले तर? नियमित शिपायाला अपंगत्वाची पेन्शन आहे. अग्निवीराला अपंगत्वाच्या टक्केवारीप्रमाणे ४४, २५ किंवा १५ लाख रुपये एकदाच मिळतात. विसाव्या वर्षी पाय गमावलेल्या तरुणाने १५ किंवा २५ लाखांत पुढची पन्नास वर्षे काढायची.

सरकारचे म्हणणेही मांडले पाहिजे. सरकार म्हणते, सैन्य तरुण हवे. सरासरी वय ३२ वरून २६ वर आणायचे आहे. पेन्शनचा बोजा वाढला तर शस्त्रे घ्यायला पैसा उरत नाही. शिवाय अग्निवीराने योजनेच्या अटी वाचून, मान्य करूनच सही केलेली असते, आणि त्याच्या कुटुंबाला एकरकमी मिळणारी रक्कम कोटीच्या घरात जाते.

यांतील सैन्य तरुण असण्याचा मुद्दा क्षणभर मान्य करू. पण सैन्य तरुण ठेवण्याचा आणि मेलेल्या तरुणाच्या आईला पेन्शन नाकारण्याचा संबंध काय? जो रणांगणावर गेला तो पुढे म्हातारा होणार नाही, सैन्याचे सरासरी वयही वाढवणार नाही. आणि असे जवान लाखोंनी नसतात. त्यांच्या आई-बापांची पेन्शन वाचवून देशाची तिजोरी कितीशी भरणार? राहता राहिली सहीची गोष्ट. ज्याच्या बापाच्या नावावर पोटापुरती जमीन नाही, ज्याच्या आईने दुसऱ्यांच्या घरची भांडी घासली, तो अठरा-वीस वर्षांचा मुलगा चार वर्षांच्या नोकरीवर सही करतो तेव्हा ती पसंती नसते. ज्याला दुसरी वाट असते तो चार वर्षांची वाट धरत नाही.

आणि एकरकमी रक्कम? सुखवस्तू घरात कोट रुपये आले तर त्याचे काय करायचे हे सांगायला बँकेचा माणूस घरी येतो. आपल्या घरात पैसा येतो तेव्हा आधी सावकार येतो, मग भावकी येते, मग जमिनीचा दलाल येतो. आजारपण आले की लाख-दोन लाख दवाखान्यात जातात. चळवळीत काम करणाऱ्या प्रत्येकाने अशी घरे पाहिलेली आहेत, जिथे गिरणीचे किंवा भूसंपादनाचे पैसे आले आणि पाच वर्षांत घर पुन्हा होते तिथे आले. पेन्शनचे तसे नाही. ती सावकाराला एका घासात गिळता येत नाही. ती दर महिन्याला येते, म्हातारपणी येते, आजारपणात येते. जिचा एकुलता एक मुलगा गेला त्या आईला सत्तराव्या वर्षी मुलाची आठवण असेलच, पण औषधाची चिठ्ठीही असेल. ती चिठ्ठी त्या दिवशी कोणी भरायची?

पेन्शन म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. आपल्या चळवळीच्या मुळाशीच सैनिकाची पेन्शन आहे. सुभेदार रामजी सकपाळ सैन्यातून निवृत्त झाले आणि पेन्शनीवर घर चालवू लागले. पुढे मुंबईत परळच्या चाळीत राहत असताना भीमरावांना पुस्तके हवी असत. रामजीबाबांच्या हातात पैसे नसत. तेव्हा ते लग्न झालेल्या लेकीकडे जात, तिचा दागिना मागून आणून गहाण ठेवत आणि पेन्शन हातात आली की दागिना सोडवून परत करत, असे बाबासाहेबांच्या चरित्रात नमूद आहे. लेक दागिना देत होती, कारण पेन्शन येणार याची तिला खात्री होती. सावकार पैसे देत होता, कारण त्यालाही ती खात्री होती. त्या खात्रीवर पुस्तके आली. महिन्याच्या महिन्याला येणारी ती रक्कम नसती तर काय झाले असते, याचा विचार प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा. दापोलीच्या पेन्शनर महारांच्या वस्तीतून आपल्या समाजात पहिली शिकलेली पिढी आली. गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः निवृत्त सैनिक होते. सैन्यातील शाळा आणि सैन्याची पेन्शन या दोन गोष्टींनी गावकीच्या दास्यातून काही घरे बाहेर काढली. ज्याला पेन्शन होती त्याला पाटलाच्या दारात बलुत्यासाठी उभे राहावे लागत नव्हते.

आणि हे दार बंद कसे झाले तेही आठवावे. १८९२ च्या सुमारास इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. 'लढवय्या जाती' नावाचे शास्त्र काढून, ज्यांच्या जोरावर लढाया जिंकल्या त्यांनाच अपात्र ठरवले. वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांपर्यंत दाद मागितली. कोणी ऐकले नाही. मग पहिले महायुद्ध पेटले, माणसे कमी पडू लागली आणि १९१७ मध्ये '१११ महार' ही पलटण उभी राहिली. युद्ध संपले, गरज सरली, १९२१ मध्ये पलटण मोडली. पुन्हा दुसरे महायुद्ध आले, पुन्हा माणसे हवी झाली. त्या वेळी मात्र बाबासाहेब उभे होते. त्यांच्या पाठपुराव्याने १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली. ती आज कायम आहे.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. गरिबाला, अस्पृश्याला, तांड्यावरच्या माणसाला लढाईसाठी बोलावणे हे सत्तेला कधीच जड गेले नाही. जड गेले ते लढाई संपल्यावर त्याला आपला म्हणून सांभाळणे. बंजारा समाजाचा इतिहास तरी वेगळा कुठे आहे? शेकडो वर्षे मोगलांपासून इंग्रजांपर्यंत सर्वांच्या फौजांना धान्य पोहोचवले ते बंजाऱ्यांच्या बैलांच्या तांड्यांनी. तांडा पोहोचला नाही तर फौज उपाशी मरत होती. पुढे रेल्वे आली, मिठाचा-धान्याचा व्यापार हातून गेला आणि ज्यांनी फौजा जगवल्या त्यांच्या कपाळावर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याच्या आधारे अनेक ठिकाणी गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला. त्याच समाजाचा मुलगा २०२५ मध्ये देशाच्या सीमेवर उभा होता. तो चार वर्षांच्या करारावर होता.

इंग्रजांनी पलटण मोडली. आता पलटण मोडण्याची गरज उरली नाही, नियुक्तिपत्रातच शेवटची तारीख छापलेली असते. पहिल्या तुकडीतील अग्निवीरांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस आणि २०२७ च्या सुरुवातीस पुरी होतात. त्यांतले चारातले तीन घरी परततील. त्यांतील किती जण आपल्या वस्त्यांतले, तांड्यांवरचे, पाड्यांवरचे असतील, याची मोजदाद कोणी केली नाही तर आपण केली पाहिजे.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील एक तरुण अग्निवीर सियाचीनमध्ये कर्तव्यावर असताना मृत्यू पावला. तेव्हाही चार दिवस चर्चा झाली. २०२४ मध्ये संरक्षणविषयक संसदीय स्थायी समितीने, कर्तव्यावर मृत्यू पावलेल्या अग्निवीराच्या कुटुंबालाही नियमित सैनिकाच्या कुटुंबाप्रमाणे पेन्शन द्यावी अशी शिफारस केली. ही समिती विरोधकांची नव्हे. तिचे अध्यक्ष सत्ताधारी पक्षाचेच होते. तरीही मुरली नाईक शहीद झाले त्या दिवशी नियम जुनाच होता.

म्हणून २०२५ च्या अखेरीस जे घडले त्याचे महत्त्व मोठे आहे. मुरली नाईक यांच्या आईने मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. ज्या शहरात तिने लोकांच्या घरी राबून मुलगा वाढवला, त्याच शहराच्या न्यायालयात ती दाद मागायला उभी राहिली. अग्निपथ योजना वैध की अवैध, हा वाद दिल्ली उच्च न्यायालयाने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सरकारच्या बाजूने मिटवला. या आईचा प्रश्न त्याहून साधा आहे आणि म्हणूनच त्याचे उत्तर देणे अवघड आहे. गोळी नियमित आणि अग्निवीर असा भेद करत नाही, मग पेन्शनचा नियम तो का करतो? चौदाव्या कलमातील समानतेचा अर्थ याहून वेगळा काय असतो? तिला मदत मिळाली नाही अशी तिची तक्रार नाही. मदत ही देणाऱ्याच्या मर्जीची असते. एका राज्यात पाच एकर, दुसऱ्यात फक्त शाल-श्रीफळ. प्रसिद्धी मिळालेल्या जवानाला एक, न मिळालेल्याला दुसरे. हक्काला मर्जी लागत नाही. दान नको, हक्क हवा, हे आपल्याला बाबासाहेबांनी शिकवले. तांड्यावरच्या एका आईने ते कोणत्याही सभेत न जाता ओळखले.

१ जानेवारीला लाखोंचा समुदाय भीमा कोरेगावला जातो. १९२७ साली बाबासाहेब तिथे गेले, तेव्हा तो इंग्रजांच्या विजयाचा एक स्तंभ होता. त्यावर कोरलेल्या 'नाक' प्रत्ययाच्या बावीस नावांकडे त्यांनी बोट दाखवले आणि सांगितले की हे आपले पूर्वज आहेत. पण बाबासाहेब नावे वाचून थांबले नाहीत. ज्यांच्या पूर्वजांची नावे या दगडावर आहेत त्यांना सैन्यात प्रवेश का नाही, हा प्रश्न त्यांनी इंग्रज सरकारला विचारला आणि पुढे महार रेजिमेंटपर्यंत तडीस नेला. कोरेगावच्या स्तंभाला अभिवादन करून जो परततो त्याने ही दुसरी गोष्टही घरी आणली पाहिजे. नाहीतर आपलेही स्मरण त्या चार दिवसांच्या मोटारींसारखेच होईल.

तेव्हा चळवळीने काय करावे? एक, कर्तव्यावर मृत्यू पावलेल्या आणि अपंग झालेल्या अग्निवीरांना नियमित सैनिकांप्रमाणेच पेन्शन मिळावी, ही मागणी प्रत्येक जयंती-मेळाव्याच्या ठरावात आली पाहिजे. दोन, जो सेवा करून परत येईल त्याला माजी सैनिकाचा दर्जा मिळावा यासाठी लोकप्रतिनिधींना लेखी विचारले पाहिजे आणि उत्तरही लेखीच मागितले पाहिजे. तीन, प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील अग्निवीरांची यादी करावी. कोणत्या वस्तीतले, कधी भरती झाले, कधी परतणार, घरी कोण आहे. ही यादी सरकार आपल्याला देईल म्हणून वाट पाहू नये. चार, जात वेगळी, राज्य वेगळे, भाषा वेगळी म्हणून तांड्यावरचा जवान आपला नाही असे कोणी म्हणू नये. कामराज नगर आणि रमाबाई नगर यांच्यामध्ये भिंत नव्हती.

यात एक अडचण आहे, तीही बोलून टाकतो. आपण बुद्धाचे अनुयायी. युद्धाचा जयजयकार आपण करायचा नाही. मे २०२५ मध्ये दूरचित्रवाणीच्या स्टुडिओत बसून जे रोज एक शहर जिंकत होते त्यांच्या घरचे कोणी अग्निवीर नव्हते. त्यांचे शब्द आपल्या तोंडी शोभत नाहीत. पण युद्ध नको म्हणणाऱ्याने युद्धात पाठवलेल्या मुलाकडे पाठ फिरवायची नसते. उलट, जवानाचा जीव स्वस्त नाही, त्याची किंमत पुढची पन्नास वर्षे मोजावी लागते, हे ज्या सरकारला हिशेबात धरावे लागेल ते युद्धाचा निर्णयही दहा वेळा विचार करून घेईल.

मुरली नाईक यांचा पुतळा होईल, रस्त्याला नाव मिळेल, शाळेत फोटो लागेल. ते सगळे व्हावे. पण त्यांच्या आईच्या हाती महिन्याच्या एक तारखेला काय येते, हे विचारणारा माणूसही त्या पुतळ्यापाशी उभा असला पाहिजे. तो माणूस आपण असावे, एवढेच सांगायचे आहे.

जय भीम.